बँकेत ठेवलेला पैसा जातो कोठे?

गेल्या महिन्यातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत असता मागून हाक आली. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध मावशी कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीतून त्यांनी कडा झिजलेले एक पासबुक काढले व म्हणाल्या, "अहो, तुम्ही पेपरात लिहिता, तेव्हा तुम्हांला कळत असेल. आमच्या ह्यांच्या फंडाचे पैसे बँकेत आहेत. नाक्यावरची सोसायटी त्याहून दोन टक्के व्याज जास्त देते. तिथला सेक्रेटरीही परका नाही, आपल्याच चर्चला येतो. काढून तिकडे ठेवू का?"

आम्ही उत्तर न देता उलट प्रश्न केला, "मावशी, आज तुमची बँक तुम्हांला व्याज देते, ते ती आणते कोठून?"

"कोठून म्हणजे? तिजोरीत एवढे पैसे पडलेले असतात, त्यातून देते!"

या उत्तरावर हसण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचीही समजूत याहून फारशी निराळी नसते. आपण भरलेल्या नोटा बँक कोठेतरी जपून ठेवते, आणि आपण मागताच त्या काढून देते, असेच बहुतेकांना वाटते. मावशींना आम्ही सांगितले की, याचे उत्तर पायरीवर उभे राहून देण्याजोगे नाही. पेपरातच लिहितो, नातीकडून वाचून घ्या. हा लेख त्या वचनाची फेड होय.

बँक ही कुलूपबंद पेटी नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. पेटीचे भाडे आपण देतो. बँक मात्र उलट आपल्यालाच व्याज देते. आपण पैसे भरले की त्या क्षणी ते पैसे बँकेचे होतात, आणि बँक आपली ऋणको होते. १८४८ साली इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेने 'फोली विरुद्ध हिल' या खटल्यात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले, आणि आपल्याकडील बँकव्यवहारही त्याच पायावर उभा आहे. तेव्हा पासबुकातील आकडा म्हणजे बँकेत पडून असलेली आपली वस्तू नव्हे; तो बँकेने आपणांस लिहून दिलेला कर्जाचा कबुलीजबाब आहे. मावशी आजवर स्वतःस बँकेच्या आश्रित समजत आल्या. वास्तविक त्या बँकेच्या सावकार आहेत!

लॉकरची गोष्ट निराळी. त्यातील दागिना आपलाच राहतो. बँक केवळ जागा भाड्याने देते. परंतु तेथेही बँकेस हात झटकून मोकळे होता येत नाही. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा नोकरांची अफरातफर यांमुळे लॉकरातील वस्तू गेल्यास वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई बँकेने द्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०२१ साली घातला व तो १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आला. भाडे दोन हजार असेल तर भरपाई दोन लाख. आत त्याहून अधिक मोलाचे सोने असल्यास उरलेली जोखीम आपली.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील तीन चाकरांचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. तिसऱ्या चाकराने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवले. धनी त्याच्यावर रागावला, आणि निदान सराफाकडे तरी ठेवायचे होतेस, म्हणजे व्याजासह परत मिळाले असते, असे त्यास म्हणाला. प्रवचनात या दाखल्याचा अर्थ देवाने दिलेल्या गुणांशी लावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा शब्दशः अर्थही अगदीच टाकाऊ नाही. पुरलेला पैसा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. दुसऱ्याच्या हाती दिलेला पैसा मात्र काम करतो, आणि काम करताना तो बुडूही शकतो. बँकेचा सारा धंदा या दोन गोष्टींच्या मधोमध चालतो.

ख्रिस्तसभेने एके काळी व्याजास पाप मानले होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु सावकारी पाशातून गरिबांना सोडविण्यासाठी फ्रान्सिस्कन मठवासीयांनी इटलीत गहाण ठेवून अल्प व्याजाने कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या, त्यांतील एक अगदी आरंभीची पेढी १४६२ साली पेरुजा नगरात निघाली, आणि पेढीच्या खर्चापुरते व्याज घेण्यास १५१५ साली पाचव्या लॅटरन धर्मपरिषदेने संमती दिली, हे फारसे कोणी सांगत नाही. तेथेही वाद व्याजापुरता नव्हता. पैसा कोणाचा, तो कोणाच्या उपयोगी पडतो, आणि बुडाल्यास कोणी सोसावयाचे, हे प्रश्न तेव्हाही होते. ते आजही सुटलेले नाहीत.

आता मावशींच्या शंभर रुपयांचा माग काढू. २०२५ च्या अखेरीस असलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक शंभर रुपयांच्या ठेवीमागे तीन रुपये बँकेने रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. त्यावर बँकेस काहीच व्याज मिळत नाही. आणखी अठरा रुपये रोख, सोने अथवा सरकारी रोखे यांत गुंतवावे लागत. बहुतेक बँका ते रोख्यांतच गुंतवितात. म्हणजे मावशींच्या अठरा रुपयांवर सरकार रस्ते बांधते, पगार भागविते, कधी जुने कर्जही फेडते. उरले एकोणऐंशी. ते कर्जाऊ दिले जातात. कोणी बेकरीची भट्टी घेतो, कोणी मुलीस परिचर्येच्या शिक्षणास पाठवितो, कोणी ट्रॉलर बांधतो, कोणी कारखानदार कच्चा माल भरतो. बँकेच्या दारात शिरणाऱ्या माणसांपैकी कोणी ना कोणी दुसऱ्याच्या पैशावर आपले काम चालवीत असतो, आणि दोघांची एकमेकांस ओळखही नसते.

समजा, मावशींना बँक सहा टक्के देते व कर्जदारांकडून सरासरी नऊ टक्के घेते. मधल्या तीन टक्क्यांत नोकरांचे पगार, जागेचे भाडे, ठेवींच्या विम्याचा हप्ता, कर आणि बुडालेल्या कर्जांची भरपाई, एवढे सारे भागवावयाचे. त्यानंतर काही उरलेच तर तो नफा. यांखेरीज हुंडी वटविणे, एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचविणे, आखातातील मुलाने पाठविलेली रक्कम गोव्यातील आईच्या खात्यात जमा करणे, परदेशी मालासाठी पतपत्र देणे, कंत्राटदाराच्या वतीने हमी लिहून देणे, अशी अनेक कामे बँक दलालीवर करते. ही कामे वरकरणी फुकटच्या मिळकतीसारखी दिसतात. पण हमी दिलेला कंत्राटदार पळाला, की ती भरणार कोण? बँकच!

या शंभर रुपयांबरोबर आणखी एका रकमेचा हिशेब मांडावा लागतो. ती बँकेच्या भागधारकांची होय. आपल्या उदाहरणात ती नऊ रुपये धरू. दिलेल्या एकोणऐंशी रुपयांपैकी पाच बुडाले, तर तोटा प्रथम भागधारकांच्या नवांतून जातो. मावशींना त्याचा पत्ताही लागत नाही. पण दहा बुडाले, तर भागधारकांचे नऊ संपतात आणि दहावा रुपया मावशींचा असतो. भाग-भांडवल म्हणजे ठेवीदारापुढे उभा केलेला बांध. नफ्याच्या वर्षी भागधारकास लाभांश मिळतो तो या पुढे उभे राहण्याबद्दलच. ज्यास बांध होणे नको, त्याने नुसती ठेव ठेवावी.

आता गोम अशी की, कर्जे बुडत आहेत हे ठेवीदारास बाहेरून दिसत नाही. दारावरची पाटी चकचकीत असते, रोखपाल मागितलेले पैसे देतो, आणि वार्षिक सभेत सर्व ठीक असल्याचे सांगण्यात येते. बुडीत कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुन्याचे व्याज त्यातूनच वसूल झाले असे दाखविण्याची युक्ती तर धंद्याइतकीच जुनी आहे. याचे जे उदाहरण आम्ही देणार आहो, ते आपल्याच धर्मबंधूंच्या प्रदेशातील असल्यामुळे मुद्दाम निवडले आहे.

केरळातील पाला हे गाव सीरियन कॅथॉलिकांचे मोठे केंद्र. १९५० साली तेथे स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला. आसपास रबराचे मळे, मिरीचा व्यापार, शिकलेली माणसे. याच गावी १९२७ साली पालै सेंट्रल बँक निघाली. १९३८ साली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तेव्हा त्या सबंध प्रदेशातील बँकांवरचा लोकांचा विश्वास हादरला. पालै बँक मात्र तगली, आणि तगली म्हणूनच अधिक विश्वासास पात्र ठरली. तिच्या शाखा केरळाबाहेरही पसरल्या. मळेवाले, व्यापारी, शाळामास्तर, परदेशी नोकरीस गेलेले, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठविणारे, सर्वांनी तिच्याकडे ठेवी ठेविल्या. आपल्या माणसांची बँक, एवढे कारण बहुतेकांस पुरेसे होते. १९६० साली ती केरळातील सर्वांत मोठी बँक होती.

आतून मात्र ती पोखरत चालली होती. १९५० नंतरच्या दशकातील तपासण्यांत रिझर्व्ह बँकेस आढळले की, तिची पुष्कळ कर्जे वसूल होण्याजोगी राहिलेली नाहीत. रिझर्व्ह बँकेपुढे तेव्हा मोठा पेच होता. हे उघडपणे सांगावे, तर दुसऱ्याच दिवशी दाराशी रांग लागून बँक तेथेच संपावयाची. न सांगावे, तर ठाऊक नसलेली माणसे रोज नवी ठेव भरीत राहावयाची. काही वर्षे तिने बँकेस आपला कारभार सुधारण्याची संधी दिली. कारभार सुधारला नाही. १९६० साली लक्ष्मी बँक बुडाल्याने देशभरचे ठेवीदार आधीच धास्तावले होते. अखेर रिझर्व्ह बँकेने केरळच्या उच्च न्यायालयात अर्ज केला, आणि ८ ऑगस्ट १९६० रोजी पालै सेंट्रल बँकेचे दरवाजे बंद झाले.

त्या सोमवारी सकाळी पासबुक घेऊन आलेल्यांनी कुलूप पाहिले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे लिहून सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही एवढेच सांगू की, त्या दिवशी भारतात ठेवींचा विमा नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. बँक बुडाली म्हणजे न्यायालयाने नेमलेला अधिकारी मालमत्ता विकीत जाणार, कर्जदारांवर फिर्यादी लावणार, आणि जसजसा पैसा हाती येईल तसतसा हप्त्याहप्त्याने वाटणार. लग्न, आजार व शिक्षण या गोष्टी अशा हप्त्यांची वाट पाहत थांबत नाहीत.

लोकांचा संताप दोन प्रकारचा होता, आणि हे दोन्ही संताप परस्परविरुद्ध होते. काही म्हणाले, रिझर्व्ह बँकेने घाई केली. आणखी थोडा धीर धरला असता तर बँक वाचली असती. काही म्हणाले, रिझर्व्ह बँकेला एवढी वर्षे ठाऊक होते, तर तिने आधीच का बंद केली नाही? रिझर्व्ह बँकेस असा अर्ज करण्याचा अधिकार देणाऱ्या कलमासच सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले; १९६२ साली न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. आमच्या मते दुसरा संताप अधिक सयुक्तिक होता. बंद करण्याच्या दिवशी नुकसान होत नाही. ते आधीच झालेले असते. त्या दिवशी फक्त ते दिसते. मधल्या वर्षांत जे नवे ठेवीदार आले, त्यांच्यापासून काय लपविले गेले, हाच खरा प्रश्न होता. पुढे तब्बल पंचावन्न वर्षांनी, २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, बँकांच्या तपासणीचे अहवाल गोपनीय म्हणून माहितीच्या अधिकाराखाली नाकारणे रिझर्व्ह बँकेस शक्य नाही, कारण तिचे कर्तव्य जनतेशी आहे, बँकांशी नव्हे. पालातील ठेवीदारांना हे ऐकावयास मिळाले असते तर!

तथापि पालै बँकेच्या बुडण्यातून दोन गोष्टी निपजल्या, आणि त्यांची सावली आजही प्रत्येक पासबुकावर आहे. पहिली गोष्ट अवघ्या दीड महिन्यात झाली. १९६० च्या सप्टेंबरमध्येच बँकांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, दुबळ्या बँकेचे व्यवहार काही काळ थांबविण्याचा व तिला सशक्त बँकेत विलीन करण्याचा मार्ग खुला झाला. १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या. १९६९ साली राष्ट्रीयीकरणाच्या वेळी त्या शंभराच्या आत आल्या होत्या. त्यांतल्या कित्येक या मार्गाने नाहीशा झाल्या, परंतु ठेवीदारांस रस्त्यावर न आणता.

दुसरी गोष्ट ठेवविम्याची. १९६१ साली कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा महामंडळाचे काम सुरू झाले. अमेरिकेने असा विमा १९३३ साली, तेथील हजारो बँका बुडाल्यानंतर, सुरू केला होता. आपल्याकडे आरंभी एका ठेवीदारास एका बँकेत जास्तीत जास्त दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होते. ती मर्यादा वाढत वाढत १९९३ साली एक लाख झाली. मग सत्तावीस वर्षे तेथेच अडून राहिली. आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. मुद्दल व व्याज मिळून ही रक्कम धरली जाते. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी विभागून काही लाभ नाही, कारण त्या सर्व एकत्रच मोजल्या जातात. दोन निरनिराळ्या बँकांत ठेवल्यास मात्र दोहोंस स्वतंत्र संरक्षण मिळते. हप्ता बँक भरते, ठेवीदाराने एक पैसाही द्यावयाचा नसतो.

२०२० हे वर्ष या दोन्ही तरतुदींची परीक्षा पाहणारे ठरले. मार्चमध्ये येस बँकेवर निर्बंध येऊन पन्नास हजारांहून अधिक रक्कम काढता येईना. स्टेट बँकेने व इतर बँकांनी भांडवल ओतले, आणि दोन आठवड्यांच्या आत निर्बंध उठले. ठेवीदारांचा पैसा शाबूत राहिला. परंतु अधिक व्याजाच्या आशेने ज्यांनी त्या बँकेचे विशिष्ट प्रकारचे, भांडवलात गणले जाणारे रोखे घेतले होते, त्यांचे सुमारे ८,४०० कोटी रुपये शून्यावर आणण्यात आले. त्यांत काही वृद्ध ठेवीदारही होते. हे रोखे ठेवीसारखेच सुरक्षित आहेत असे सांगून आमच्या गळ्यात मारले, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तामिळनाडूतील करूर येथे १९२६ साली निघालेल्या लक्ष्मी विलास बँकेची पाळी आली. प्रथम पंचवीस हजारांची मर्यादा, आणि अवघ्या दहा दिवसांत सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत विलीनीकरण. ठेवीदारांचा रुपयाही गेला नाही; भागधारकांच्या हाती मात्र शून्य उरले. १९६० सालच्या त्या दुरुस्तीनेच हा मार्ग दिला होता.

म्हणजे एकच बँक, पण तिच्याशी ज्यांचे हित निगडित असते त्यांच्या रांगेत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. आपण कोणत्या जागी उभे आहो, हे पैसे भरतानाच्या कागदावर लिहिलेले असते. व्याजाचा दर जसजसा चढतो, तसतसे आपण रांगेत मागे मागे सरकत असतो. बँकेच्या खिडकीवर कोणी 'ठेवीसारखेच, पण व्याज जास्त' असे म्हणू लागला, की निदान आम्ही तरी कागद घरी आणून वाचल्याशिवाय सही करणार नाही.

येथे गोव्याच्या वाचकांना एक जुनी जखम आठवेल. १८६४ साली लिस्बन येथे स्थापन झालेली बँको नॅसिओनाल अल्ट्रामारिनो ही पोर्तुगीज काळात गोव्याची एकमेव मातब्बर बँक. तेथील नोटाही तीच काढीत असे. घरोघरच्या आयांनी मुलांच्या शिक्षणासाठी, आगबोटीच्या भाड्यासाठी, शेतीच्या खर्चासाठी आपले दागिने तिच्याकडे गहाण ठेविले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यापूर्वीच ते सोने बँकेने लिस्बनला हलविले. दागिना तारण ठेवणारा हा वास्तविक बँकेचा कर्जदार. पण त्याची वस्तू बँकेच्या ताब्यात असल्यामुळे तो त्याच वेळी एक प्रकारचा ठेवीदारही असतो. कर्ज फेडावयास पैसे हाती घेऊन उभे राहिले, तरी सोडवावयास दागिना समोर नाही, अशी ही विलक्षण कोंडी. दोन सरकारांच्या वाटाघाटींनंतर ते दागिने १९९१ साली परत आले. मधल्या तीस वर्षांत ज्यांनी ते गहाण ठेविले होते त्यांतील किती जण वारले, आणि ज्या मुलींसाठी ते होते त्या किती जणी स्वतःच आज्या झाल्या, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही. त्या बँकेचे दिवाळे निघाले नव्हते, हे लक्षात घ्यावे. ती पुढे २००१ सालापर्यंत पोर्तुगालात बँक म्हणून नांदत होती. बँक सुस्थितीत असूनही तिच्यावर विसंबलेल्याचे हाल होऊ शकतात, ते असे.

आता मावशींच्या प्रश्नातील नाजूक भागाकडे वळू. सेक्रेटरी आपल्याच चर्चला येतो, या एका वाक्यावर त्यांचा अर्धा निर्णय झालेला होता. आपल्या समाजाने स्वतःच्या बळावर पतसंस्था व बँका काढल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे यात संशय नाही. वसईच्या कॅथॉलिकांनी १९१८ साली सहकारी बँक काढली. १९२० साली त्रिशूर येथे कॅथॉलिक सीरियन बँक निघाली. पालै बँक बुडाली त्या वादळातूनही ती वाचली. पण तीही सदैव समाजाच्याच हाती राहिली असे नाही. तिला भांडवल हवे होते. कॅनडातील फेअरफॅक्स समूहाने तिचे ५१ टक्के भाग घेतले, आणि २०१९ साली तिचे नाव सीएसबी बँक झाले. काही जुन्या मंडळींना या नावबदलाचे वाईट वाटले असेल. आम्हांस तितकेसे वाटले नाही. बँकेच्या नावातील 'कॅथॉलिक' हा शब्द कर्जदाराकडून एक हप्ताही वसूल करीत नाही. उलट ओळखीच्या माणसाला ओळखीच्या माणसाने दिलेले कर्ज वसूल करणे अधिक अवघड जाते, हे कोणत्याही पतसंस्थेच्या वसुली-कारकुनास विचारावे.

श्रद्धा ही देवावर ठेवावयाची गोष्ट आहे. सेक्रेटरीसाहेबांस ताळेबंद मागण्यात त्यांचा काहीही अपमान नाही. ते प्रामाणिक असतील तर त्यांना आनंदच होईल.

आणि मावशींनी विचारावयाचा पहिला प्रश्न तर ताळेबंदाच्याही आधीचा आहे. ठेवविमा हा व्यापारी बँकांना व सहकारी बँकांना लागू आहे. बहुतेक सहकारी पतसंस्था, ज्यांना आपण पतपेढी किंवा नुसते सोसायटी म्हणतो, त्यांना तो लागू नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील बाजारपेठांत बँकेसारखाच काउंटर, बँकेसारखेच पासबुक व बँकेसारख्याच पाट्या असलेल्या सोसायट्या पावलोपावली आहेत. त्यांतील पुष्कळ उत्तम चालतात, आणि जेथे बँक उभी करीत नाही तेथे त्या भाजीवालीला कर्ज देतात, हेही आम्ही मान्य करतो. परंतु तेथील दोन टक्के अधिक व्याज म्हणजे विमा नसल्याची किंमत आहे, हे समजूनच तेथे पैसे ठेवावेत.

विमा असला म्हणजे सारे चटकन मिळते, असेही नाही. म्हापशाच्या नागरी सहकारी बँकेवर २०१५ साली निर्बंध आले. तिचा परवाना रद्द झाला तो २०२० च्या एप्रिलमध्ये. परवाना रद्द होईपर्यंत विम्याचा दावाच उभा राहत नसे, तेव्हा मधली सुमारे पाच वर्षे ठेवीदार टांगणीला लागून राहिले. हा दोष २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून बराचसा दूर केला गेला. आता निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांच्या आत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आहे. म्हापशातील ज्या वृद्धांनी औषधासाठी स्वतःचेच पैसे अर्ज करकरून मागितले, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद फार उशिरा आली.

दोन लहान गोष्टी लिहावयाच्या राहिल्या, त्या मावशींच्या पासबुकात डोकावल्यामुळे सुचल्या. पासबुकाच्या आतल्या पानावर नामनिर्देशनाची जागा कोरी होती. यजमानांच्या मृत्यूनंतर फंड मिळवावयास त्यांना किती खेटे घालावे लागले, हे त्यांनीच आम्हांस मागे सांगितले होते. तरीही ही जागा कोरी! १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार जणांपर्यंत नावे देता येतात. नाव दिलेला मनुष्य मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, एवढे घरात सर्वांना सांगून ठेवावे. म्हणजे पुढे भावंडांत वितुष्ट येत नाही. आणि दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव बँकेस रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग करावी लागते. ती बुडत नाही. वारस केव्हाही मागू शकतो. अशा विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. ज्यांचे वाडवडील मुंबई, कराची वा आफ्रिकेत नोकरी करून परतले, अशा घरांतील तरुणांनी निदान भारतातील बँकांपुरता एकदा त्यावर शोध घेऊन पाहावा.

हा लेख लिहून झाल्यावर मावशी पुन्हा भेटल्या. आमच्या लेखाची वाट न पाहता त्या नातीला घेऊन सोसायटीत जाऊन आल्या होत्या. विमा आहे का, असे त्यांनी सरळच विचारले. सेक्रेटरीसाहेब क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "नाही, मावशी. आमच्यासारख्यांना तो मिळत नाही." त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस आदर वाटला. त्यांनी गेल्या तीन वर्षांचे ताळेबंदही नातीच्या हाती दिले. मावशींनी फंडाची रक्कम बँकेतच ठेवावयाचे ठरविले आहे. भिशीतून साठविलेले थोडे पैसे सोसायटीत ठेवावेत की काय, याचा त्या विचार करीत आहेत. येत्या रविवारी मिस्सेनंतर ते तीन ताळेबंद घेऊन त्या आमच्याकडे येणार आहेत. येताना नामनिर्देशनाचा फॉर्मही आणा, असे आम्ही त्यांना बजावले आहे.